बेन्झिनचं घरगुती प्रात्यक्षिक

रविवारी सकाळी रसायनशास्त्राच्या बाईंनी सासू, सासरे, नवरा, दीर आणि मुलगी यांना हॉलमध्ये गोल उभं केलं आणि सहाव्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. सोमवारी परीक्षकांसमोर त्यांचा नमुना पाठ होता. जमला तर नोकरी कायम, नाहीतर हातात नारळ. तीन वर्षं तात्पुरत्या राहून कंटाळलेल्या बाई आता कुणाला बधणार नव्हत्या.

"आपण बेन्झिनच्या रेणूतले कार्बनचे सहा अणू. पहिला सिद्धांत म्हणतो, इलेक्ट्रॉनची जोडी दोन शेजाऱ्यांच्या मधेच असते. तेव्हा दोघादोघांत एक टॉवेल धरा."

"मी ह्यांच्याबरोबर काही धरणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "परवापासून अबोला आहे आमचा."

"बरं आई, राहू दे. दुसरा सिद्धांत घेऊ. त्यात इलेक्ट्रॉन कुणा दोघांचे नसतातच, सगळ्या रेणूवर पसरलेले असतात."

हे डोळ्यांना दिसावं म्हणून बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी प्रत्येकाच्या कमरेला वेढा देत फिरवली आणि गाठ मारली. सासऱ्यांनी उगाच मदत म्हणून वर आणखी तीन मारल्या.

तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला. गाठी सुटेनात आणि कात्री स्वयंपाकघरात. नवरा उजवीकडे धावला, दीर डावीकडे, त्यामुळे रेणू जागच्या जागी गरगर फिरला. मग दारात दोघं अडकले, मागच्यांनी रेटा दिला आणि सगळं कुटुंब ओट्यावर जाऊन आदळलं. पातेलं खाली आलं.

गॅस बंद करून बाईंनी दोरी कापली. "दूध कुणी ठेवलं होतं?"

"असं एकाचं नाव घेता येत नाही, सूनबाई," सासरे गंभीरपणे म्हणाले. "दोष सगळ्यांवर सारखा पसरलाय."

दूध ठेवणाऱ्या सासूबाई अबोला विसरून म्हणाल्या, "अगदी बरोबर बोललात."

बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात हीच हकीकत सांगितली. मुलांना सिद्धांत एका दमात कळला, परीक्षक हसले, नोकरी कायम झाली. बाईंना खरंच खूप आनंद झाला. तो घरी येईपर्यंत टिकला. घरात किटली फुटलेली, नळ वाहता, पंखा रिकाम्या खोलीत चालू. विचारलं की पाचही जणांचं एकच उत्तर, दुसरा सिद्धांत.

"छान," बाई म्हणाल्या. "म्हणजे स्वयंपाकही आजपासून कुणा एकीचा नाही." आणि पाय लांब करून खुर्चीत बसल्या.

जेवायची वेळ टळून गेली तरी ओट्यावर काहीच शिजेना. शेवटी सासऱ्यांनी घसा खाकरला.

"सूनबाई, तो पहिला सिद्धांत जरा पुन्हा समजावून सांग बरं."