काळजाचं तेल

लहानपणी कासुर्डीत लाकडी घाणा कुरकुरायला लागला की मी पेंडीचा तुकडा मागायला तिकडे पळायचो. तेव्हापासून माझ्यासाठी तेल म्हणजे शेंगदाण्याचं. पण मध्यंतरी छातीत कळ आली आणि दौंडच्या डॉक्टरांनी जेवण बदलायला सांगितलं.

माझी मुलगी राजश्री बाळंतपणाला माहेरी आली आहे, नुकतीच नात झाली आहे. तिने मोबाईलमध्ये बघून समजावलं, "आबा, भूमध्य समुद्राकाठची माणसं ऑलिव्हचं तेल खात्यात. कच्च्या भाज्या, कडधान्यं, मासं. म्हणून त्यांची काळजं टिकत्यात."

(आमच्याकडे समुद्र नाही. कॅनॉल आहे, तोही पाळीने येतो.)

पुण्याहून महागाची बाटली आली, फळीवर बसली. बायको साखरबाई म्हणाली, "महिनाभर नीट खावा. रिपोर्ट चांगला आला, तर यात्रेला मटण करते."

मटणाचं नाव निघाल्यावर मी कशाला मागे सरतो! काकडीवर तेल ओतलं, घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. वास वेखंडाचा, चव ओव्याची. म्हटलं, समुद्राकडची माणसं सोसतात, आपणही सोसावं. राजश्रीने विचारलं की मी "झकास" म्हणायचो.

रिपोर्ट खरंच चांगला आला. यात्रेच्या सकाळी साखरबाई मटणासाठी खोबरं भाजत होती, मी काकडी चावत होतो. तेवढ्यात बाळाला मालिश करणारी रतनबाई तेल घ्यायला आत आली आणि दारातच थबकली.

"आबा! पोरीच्या अंगाचं तेल काकडीवर?"

"मावशी, ते आबांच्या काळजाचं हाय!" राजश्री ओरडली.

"काळजाचं? आगं, ऑलिव्ह पोरांना चोळायचं असतंय. यवतच्या मेडिकलात त्यासाठीच मिळतंय. मी पहिल्याच दिवशी त्यात वेखंड आन् ओवा कढवून ठिवला. रोज म्हणते, एवढं तेल जातंय कुठं!"

साखरबाईला हसू आवरेना. "तरीच! महिनाभर तुमच्या तोंडाला बाळंतिणीच्या खोलीचा वास येतोय!"

रतनबाई मात्र खाली मान घालून बसली. म्हातारीचे डोळे भरले. मला राहवलं नाही.

"रतनबाई, वाईट वाटून घिऊ नका. चव लई भारी हुती. खरं सांगू? आमच्या घरच्या कुठल्याबी कालवणापेक्षा सरस."

रतनबाई हसली.

साखरबाईने गॅस बंद केला. अर्धवट भाजलेल्या खोबऱ्यावर झाकण ठेवलं आणि बाहेर निघून गेली.