पानं गळेपर्यंत थांबा

"पानं गळू द्या, मग तोडू," झाडाभोवती एक चक्कर मारून लाकूडतोडे काका म्हणाले. "फांदी न् फांदी दिसते, वजनही कमी भरतं. आत्ता आंधळ्यासारखी कुऱ्हाड चालवली तर खिडक्या फुटतील तुमच्या."

आत्यानं मान डोलावली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या शब्दाशिवाय घरात काडी हलत नसे. अंगणातलं झाड तिच्या खोलीतला उजेड अडवायचं, विणताना टाके चुकायचे, म्हणून झाडाला ही शिक्षा.

नववीतली चिमणी मात्र हे ऐकून दचकली. या लाडक्या भाचीला आत्यानं थंडी सुरू होताच हळदी रंगाचा स्वेटर विणून दिला होता. छातीवर ससा. निदान आत्या तरी त्याला ससा म्हणायची. अख्ख्या वर्गानं गाढव म्हटलं. त्याच संध्याकाळी चिमणीनं स्वेटर गच्चीवरून थेट झाडात भिरकावला. आत्यानं स्वेटरबद्दल विचारलं की चिमणीचं ठरलेलं उत्तर, "सहलीसाठी जपून ठेवलाय गं!"

"काका, आत्ताच तोडा ना," ती घाईघाईनं म्हणाली. पानांच्या ढिगात स्वेटर पडला असता तर गुपचूप उचलता आला असता. "पानं असताना तोडलं की झाडाला कमी दुखतं. विज्ञानाच्या पुस्तकात आहे!"

"कुठल्या धड्यात?" आत्यानं विचारलं.

"पुढच्या वर्षीच्या."

"पोरगी म्हणतेय ते बरोबर आहे," बाबा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा!

"लांबण कशाला? उद्याच उरकू," आईनंही री ओढली. चिमणीला भरूनच आलं.

"झाडं कोण तोडतं? हे. मग यांचंच ऐकायचं," आत्यानं निकाल दिला.

चिमणी रोज झाडाखाली उभी राहून विनवायची, "धीर सोडू नकोस रे." पण एक दिवस असा वारा सुटला की दुपारपर्यंत झाड उघडंबोडकं. काका कुऱ्हाड घेऊन हजर, सगळं घर अंगणात. मधल्या फांदीवर गाढव दोन्ही बाह्या हलवत होतं.

चिमणीनं डोळे गच्च मिटले. कुणीच ओरडेना, म्हणून एक उघडला. आत्या त्याहून वर बघत होती. तिथं एका फांदीनं बाबांची नवी कानटोपी घातली होती आणि शेंड्याला आईची लोकरी शाल फडफडत होती.

"हल्ली वारा फारच सुटतो," बाबा चपलेकडे बघत पुटपुटले. आईला खोकला आला.

"मग, घालू घाव?" काकांनी विचारलं.

"खबरदार!" आत्या कडाडली. "या घरात माझं विणलेलं अंगावर घालणारं ते एकटंच आहे!"

मग तिनं कमरेची टेप काढून चिमणीच्या हातात ठेवली. "जा, बुंध्याचं माप घे. नीट घे हं, त्याला घट्ट होता कामा नये."