आभाळाचा पाइप

एव्हरिस्तो अंगणात न्याहारीला बसला होता. पास्तेचीचा, चीजच्या तळलेल्या करंजीचा, पहिला घास तोंडात, आणि टकलावर थेंब.

"नेल्डा, झाडांना पाणी घालतेस का गं?"

"कुठल्या झाडांना? निवडुंगाला?" बायको आतून ओरडली.

दुसरा थेंब. तिसरा. मग मोजायची सोयच उरली नाही.

— आज अरुबा बेटावर लख्ख ऊन. वारा पूर्वेचा. पाऊस नाही. —

रेडिओवरचा हा आवाज एव्हरिस्तोचाच. एकोणीस वर्षं तो हेच सांगत होता आणि हेच खरं ठरत होतं. म्हणून गेली तीन वर्षं त्याने ते एकदाच टेप करून ठेवलं होतं. सकाळी कळ दाबायची, घरी यायचं, पुढचं यंत्र बघे. रेडिओ केंद्राच्या मालकीणबाई मारुखांना वाटे, गडी रोज ताजं वाचतो.

"नेल्डा, नोकरी चालली!"

गाडी काढली, तर काच पुसायच्या दांड्यांचं रबर उन्हाने भाजून कधीच गळालेलं. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो निघाला. चौकात शेजारच्या फेलिपामावशी बादली धरून उभ्या.

"बरं झालं तू सांगितलंस पाऊस नाही म्हणून! पाणीखात्याला अस्सं झापलं! म्हटलं, पाइप कुठे फोडलात?"

"मावशी, वर बघा की!"

"वर कशाला? तू काय रेडिओवर खोटं बोलशील? अख्खं गाव फोन करतंय. माणसं निघालीत मुख्य चावी बंद करायला."

— लख्ख ऊन. वारा पूर्वेचा. पाऊस ना—

केंद्रात शिरून टेपचा गळा इथे एव्हरिस्तोने दाबला. ओलाचिंब, धापा टाकत तो माइकवर ओरडला, "लोकहो, हा पाऊस आहे! पाइप नाही, पाऊस! खराखुरा!"

बाहेर एकदम शांत झालं. खिडकीतून ऊन आत आलं. मागोमाग दारातून निथळत्या मारुखाबाई, कानाला फोन.

"पाणीखातं म्हणतंय, चावी बंद केली, गळती थांबली." बाईंनी फोन ठेवला. उन्हाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सकाळपासून बरोबर सांगत होतास रे. आत्ताच हे पावसाचं खूळ कुठून काढलंस?"

"बाई, तो खरंच..."

"खरंच काय?"

खरं सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"चुकलं, बाई," एव्हरिस्तो म्हणाला. "पुन्हा असं खोटं बोलणार नाही."