डिग्री कॉफीचा आवाज

विघ्नेशच्या मते त्याच्या वर्गात एकवीस विद्यार्थी होते आणि एक डिझायनर. हा एक कोण, ते तो स्वतःहून सांगत नसे. समोरच्यानं ओळखावं अशी त्याची अपेक्षा असे, आणि समोरचा ओळखत नसे, म्हणून तर जगाची ही दशा झाली होती. कुंभकोणमहून साक्कोट्टैला जाणाऱ्या वाटेवरच्या त्यांच्या कॉलेजात शेवटच्या सत्राला एकच मोठं काम असे. प्रत्येकानं आपापल्या कामांची वेबसाइट करायची, आणि तीही इंटरॅक्टिव्ह. म्हणजे पाहणाऱ्यानं बोट लावलं की काहीतरी घडलं पाहिजे. बाकीच्यांनी काय केलं होतं? बोट लावलं की चित्र मोठं व्हायचं. विघ्नेशला या प्रकाराची शिसारी येई.

"चित्र मोठं करायला वेबसाइट कशाला पाहिजे?" तो शेजारच्या चैत्राला म्हणाला. "माझ्या आजोबांचं भिंग तेच करायचं."

"मग तुझ्या वेबसाइटवर काय होणार?"

"माझं गाव बोलणार," विघ्नेश म्हणाला, आणि हे वाक्य आपण कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं असं त्याला वाटलं.

बेत मोठा होता. सात कामं, आणि प्रत्येक कामाला कुंभकोणमचा एक आवाज. पितळेचा ठोका, हातमागाची खटखट, देवळातली घंटा. पण मे महिना होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि हातमाग चालत ते दिवसाउजेडी, तेव्हा तिथं जायचं म्हणजे उन्हातच जायचं. दोन दिवस पंख्याखाली विचार केल्यावर त्याच्या लक्षात आलं की कुंभकोणमचा खरा आवाज एकच: डवऱ्याच्या पसरट वाटीतून टंबलरमध्ये उंचावरून पडणारी, निर्भेळ दुधाची डिग्री कॉफी. आणि तो तर घरातच होता.

दुपारी चारला त्यानं फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, कॉफीच्या फिल्टरमागं फोन उभा केला आणि स्वतः पुढच्या खोलीत जाऊन झोपला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याच्या सातही कामांचे छापील कागद ओळीनं चिकटवलेले होते. बाकीच्या भिंतींवर देव होते, आणि आईनं देव हलवायला साफ नकार दिला होता.

चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. ते ऐकत कोण बसणार? त्यानं ते एका सॉफ्टवेअरच्या हवाली केलं: शांतता गाळ, सगळ्यांत मोठे सात आवाज निवड, क्रमानं नंबर दे. सातवा तुकडा ऐकला. कॉफी झकास पडत होती. सातही तुकडे सात कामांना जोडून तो मोकळा झाला.

"सगळे ऐकलेस?" चैत्रानं विचारलं.

"शितावरून भाताची परीक्षा होते."

"पण सातच तर शितं आहेत."

असल्या मुलींना चित्रं मोठी करण्यापलीकडं काही सुचणार नाही, याची विघ्नेशला खात्री पटली.

परीक्षेच्या दिवशी सभागृहात मोठा पडदा होता आणि त्याहून मोठे दोन स्पीकर. विभागप्रमुख सुब्रह्मण्यम सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी बाहेरच्या परीक्षक, बंगळूरच्या अनघा मॅम. त्यांच्या स्टुडिओत दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला सहा महिने काम शिकायला नेत. ती जागा आपलीच, असं विघ्नेशनं घरी सांगूनही टाकलं होतं. शिवाय प्रवासाला नवी बॅगही विकत आणली होती.

"हे माझं गाव आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "ऐका." आणि त्यानं पहिल्या कामावर बोट लावलं. विड्याच्या पानांच्या दुकानाचा लोगो.

स्पीकर खरखरले आणि सगळ्या सभागृहात विघ्नेशच्या आईचा, विजयलक्ष्मीचा, आवाज घुमला, "वन्सं, हें पाहा. हें विड्याचें पान की मेलेलें कासव?"

विघ्नेशचं बोट पडद्यासमोर तसंच राहिलं. चार वाजता दोन घरं सोडून राहणारी गायत्री आत्या रोज कॉफीला येते, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. झोपताना मात्र आठवलं नव्हतं.

"ही कुठली भाषा?" सुब्रह्मण्यम सरांनी तमिळमध्ये विचारलं.

आणि विघ्नेशच्या जिवात जीव आला. खरंच की! घरातली तंजावरची जुनी मराठी इथं कुणाच्या बापाला कळणार होती?

"मराठी, सर. तीनशे वर्षांपूर्वीची. माझी आई म्हणते आहे, पान हे दीर्घायुष्याचं प्रतीक आहे. कासवासारखं."

"आहा!" सर खूश झाले. "पुढं?"

दुसरं काम म्हणजे 'मौन' नावाचं पोस्टर: मोठा पांढरा कागद, मधोमध एक लाल ठिपका. बोट लावावं लागलंच.

"येवढा मोठा कागद आणि येक टिकली! मी नित्य लावतें, मला कोण डिग्री देतें?"

"बिंदूपासून विश्वाचा आरंभ झाला," विघ्नेशनं भाषांतर केलं. अनघा मॅमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्याला धीर आला.

तिसरं, बसच्या वेळा सांगणारं ॲप. "बस कधी येते पाहायला सात वेळां दाबायचें. तोंवर बस तंजावरला पावली."

"आई म्हणते, प्रवास मुक्कामापेक्षा मोठा असतो."

चौथी, लाकडी खुर्ची. "वन्सं, हिच्यावर बैसलें तर उठवायला चौघे लागतील. पैत्यम आहे हा, नुसतें पैत्यम!"

पैत्यम म्हणजे वेडा, हे तमिळ मात्र वर्गातल्या बावीसच्या बावीस जणांना कळलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "कलेचं वेड," विघ्नेश म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

पाचवा, कॉफी पावडरीचा काळा डबा. "कसाला काळा? उंदराचें औषध म्हणून खपेल." याचं भाषांतर 'रात्रीसारखी गूढ चव' असं झालं. आतापर्यंत सुब्रह्मण्यम सर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते आणि सगळ्या विभागाला हे ऐकवायचं म्हणत होते.

सहावं काम त्याचं सगळ्यांत लाडकं. गावातल्या महामहम तळ्याचं मोठं रंगीत चित्र, तीन आठवडे खपून केलेलं. बोट लावताना त्याला मनापासून वाटलं, निदान इथं तरी.

"हें मात्र बरें आहे," आई म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "रंग पाहा कसे शांत. हें मला आवडलें."

विघ्नेशनं मान ताठ केली. भाषांतर करायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात स्पीकरमधून आत्या बोलली, "वहिनी, तें क्यालेंडर आहे. भांड्याच्या दुकानाचें. विघ्नेशाचें बाजूस आहे."

"हें? अय्यो. मी समजलें कागद भिजला."

सर भाषांतराची वाट पाहत होते. आणि मग पहिल्या रांगेतून स्वच्छ, शुद्ध पुणेरी मराठीत प्रश्न आला, "विघ्नेश, टिकलीचा अर्थ विश्वाचा आरंभ असा कधीपासून झाला?"

विघ्नेशनं खुर्ची शोधली. जवळ फक्त त्याचीच होती, परीक्षेला मांडलेली. तो तिच्यावर बसला आणि आईचं म्हणणं खरं निघालं. त्याला उठवायला दोघं आले, ते पुरले नाहीत.

अनघा मॅम डोळे पुसत हसत होत्या. "मी बंगळूरला राहते. बंगळूरची आहे असं कोण म्हणालं? लाव, सातवं लाव."

सातव्या कामाला कॉफी पडली. उंचावरून, फेसाळ, अगदी विघ्नेशला हवी होती तशी.

मॅमचा चेहरा उतरला. "इथं आई का बोलत नाहीत? हे फारच सपक आहे. हे काढून टाक."

गुण बरे मिळाले. 'निर्भीड आत्मपरीक्षण' असा शेरा होता. चैत्रानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, आणि बंगळूरची जागाही तिलाच मिळाली. तिची चित्रं नुसती मोठी होत होती, पण निदान दिसत होती.

विघ्नेशनं घरी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅमचा फोन आला, तेव्हा जागा दोन झाल्या असाव्यात असं त्याला वाटलं.

"आईंना दे," मॅम म्हणाल्या.

फोन स्पीकरवर ठेवून विजयलक्ष्मी बसल्या. मॅमचं म्हणणं असं, की वीस वर्षांत कुणी त्यांना त्यांच्या कामाबद्दल खरं सांगितलं नव्हतं. जे येत ते नोकरी मागायला येत. त्यांनी स्वतःची वेबसाइट पाठवली होती. तिला परदेशात दोन बक्षिसं मिळाली होती. "तुम्ही पाहा, आणि अगदी मोकळेपणानं सांगा," असं त्या म्हणाल्या. ज्यांना स्तुतीची खात्री असते ते असंच म्हणतात.

विघ्नेशनं लॅपटॉप आईपुढं ठेवला. पांढरा पडदा उजळला. मधोमध एक करडी रेघ हळूच उमटली, वाकली आणि नाहीशी झाली. आईनं बोट लावलं. दुसरी रेघ आली. फोनमधून मॅमचा श्वास ऐकू येत होता.

विजयलक्ष्मींनी चष्मा काढला आणि त्या विघ्नेशकडं वळल्या.

"फोनवरच्या बाईंचें कोठे आहे? हें तुझेंच लावलेंस तूं. मी पाहतांच वळखलें."

पलीकडं अनघा मॅमना ठसका लागला. अलीकडं विघ्नेशनं कॉलर नीट केली. आईच्या तोंडून त्याच्या कामाची इतकी मोठी स्तुती त्यानं आजवर ऐकली नव्हती.