जवाच्या दोन दाण्यांची गाठ

हनीफचाचांच्या दुकानात गादी करून घ्यायला गेलात, तर ते आधी माप विचारत नाहीत, स्वप्न विचारतात. "काए पंडित जी, रात कछू दिखो?" असं बुंदेलीत म्हणतात, आणि आपण तोंड उघडणार एवढ्यात हात आडवा करतात. "पहले हाथ-मुँह धो लीजिए." त्यासाठी पायरीवर एक तांब्या कायम भरलेला असतो. शेजारी कबुतरांसाठी जवाचा डबा. नमाजाआधी जसा वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, तसंच स्वप्नाआधी; ती पारोशा तोंडानं सांगायची गोष्ट नाही, असं त्यांचं म्हणणं.

झाशीत आम्हा जुन्या मराठी घरांतल्या पुरुषांना सगळेच पंडित जी म्हणतात. पुण्याचे नातेवाईक माझ्या मराठीला हसतात, तेव्हा हा मान मला फार उपयोगी पडतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी बड्या बाजारात चाचांच्या पायरीवर चहाला बसतो. बायको म्हणते, तिथं गादी लावून घ्या.

एकदा मी सांगितलं, की मी लक्ष्मी ताल या आमच्या गावच्या तळ्यावरून उडत चाललो होतो. चाचांनी रीतसर चौकशी केली. कोणत्या कुशीवर होतो, पहाटेचं की मध्यरात्रीचं, आणि शेवटी, "खाया क्या था?"

"चार कचौरी."

"तो ये ख़्वाब नहीं है पंडित जी. ये कचौरी है."

त्यांच्या हिशेबी स्वप्नं तीन जातींची. एक वरून येतं ते, दुसरं सैतानाचं आणि तिसरं आपल्याच मनाचं. माझं मन पोटात आहे, हे त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलंय.

बबीन्याच्या लष्करी छावणीतली एक साताऱ्याकडची बाई गादी न्यायला आली होती. नवरा सीमेवर. "काल यांना पाण्यात..." एवढंच ती बोलली आणि चाचांनी तिला थांबवलं. वाईट स्वप्न कुणाला सांगायचं नाही, डावीकडे तीनदा थू करायचं आणि कूस बदलायची. त्यांचं म्हणणं, स्वप्न पाखराच्या पायाला टांगलेलं असतं, कुणी अर्थ लावला की खाली पडतं. म्हणून ते मूर्खाला सांगू नये, जीव लावणाऱ्यालाच सांगावं. हल्ली पोरं मोबाइलवर स्वप्नं बोलून पाठवतात, ती चाचा ऐकत नाहीत. "मोबाइल को वुज़ू कौन कराएगा?"

पण खरी पंचाईत त्यांच्या जिभेची. ज्याची जीभ खरी त्याची स्वप्नं खरी, यावर त्यांची एवढी श्रद्धा, की "कल मिल जाएगी" हे वाक्य त्यांच्या दुकानात ऐकू येत नाही. गाद्यांच्या धंद्यात या वाक्यावाचून कुणाचं चाललंय का? गिऱ्हाईक विचारतं, "रुई नई है न?" चाचा म्हणतात, "आधी." म्हणजे निम्माच कापूस नवा. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि तिथलं गोड खोटं विकत घेतं. माझी आई सोवळ्याची फार कडक, पण तिनं चाचांना कधी नाव ठेवलं नाही. चाचा म्हणायचे, "माँ जी का सोवळं कपड़े का, मेरा ज़बान का."

गेल्या थंडीत मी सहज विचारलं, "चाचा, तुम्हाला स्वतःला काय दिसतं?"

सुई थांबली. "छह साल से एक ही का इंतज़ार है. ज़ुबैदा नहीं आई."

ज़ुबैदाचाची त्यांची बायको. दवाखान्यात शेवटी तिनं विचारलं होतं, घर जाऊँगी न? डॉक्टरांनी चाचांना सगळं आधीच सांगितलेलं. तरी ते म्हणाले, "ईद घर पर करेंगे." ती ईदपर्यंत राहिली नाही.

"वही एक झूठ है ज़बान पर," चाचा म्हणाले. "बहुत धोया. निकलता नहीं."

तेव्हा मला त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाचा अर्थ लागला. रोज निजण्याआधी हा माणूस वजू करतो, अत्तर लावतो, धुतलेल्या चादरीवर उजव्या कुशीला आडवा होतो. पाहुणी यायची असावी तशी तयारी, आणि सहा वर्षं पाहुणी येत नाही. माझी बायको त्या दिवशी घरी माझ्यावर नेहमीसारखी ओरडली आणि मला रडू आलं.

चार दिवसांनी मी पायरीवर नीट हात-तोंड धुतलं आणि खोटं बोललो. म्हटलं, चाचा, चाची दिसल्या. लक्ष्मी तालाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. हिरवा दुपट्टा, चेहरा हसरा. मला म्हणाल्या, "हनीफ साहब से कहना, मैं नाराज़ नहीं हूँ."

चाचांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. काय खाल्लं होतं, तेसुद्धा नाही. मग त्यांनी डबा उघडला आणि माझ्या तळहातावर जवाचे दोन दाणे ठेवले. "गाँठ लगाइए."

न पडलेलं स्वप्न सांगणाऱ्याला कयामतीच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांची गाठ मारायला लावतात, हे मी त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकलेलं. मी मुकाट्यानं प्रयत्न केला. दाणे नखांतून निसटत राहिले.

"कसं ओळखलंत?"

"नाम से. चालीस साल में उसने मेरा नाम नहीं लिया. 'सुनते हो' कहती थी."

माझी मला लाज वाटली. माझ्या आईनंही उखाण्याबाहेर वडिलांचं नाव कधी घेतलं नव्हतं. एवढं मला सुचायला हवं होतं. मी चपला शोधू लागलो, तर चाचांनी माझी बाही धरली. माझ्या हातातला एक दाणा उचलून त्यांनी आपल्या सदरीच्या खिशात टाकला.

"झूठ आपका, पर सुना तो मैंने जी भर के. एक दाना मेरा."

मग रिकामा झालेला तांब्या त्यांनी स्वतः भरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"फिर से सुनाइए, पंडित जी. दुपट्टा हरा नहीं, कत्थई रखिए, और 'सुनते हो' कहलवाइए." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाराज़ नहीं वाली बात वैसी ही रहने दीजिए."

मी पुन्हा हात धुतले आणि लक्ष्मी तालाच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली.