चैत्रगौर आणि चार स्प्रिंगा

सदाशिव टेंब्यांची पाठ खरोखरच दुखत होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढची हकीकत ऐकल्यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही.

एकसष्ट साली विमा कचेरीने त्यांना साताऱ्याहून उचललं आणि जयपुरात आणून टाकलं. तिथल्या खुर्चीत तीन वर्षं बसून पाठीचं पार धनुष्य झालं. शेवटी डॉक्टरने दाखला दिला, 'उठबस वर्ज्य, गावाकडची हवा इष्ट.' (दुसरी सूचना रोग्याकडून आली होती.) तो दाखला जोडून त्यांनी साताऱ्याला बदलीचा अर्ज केला. साताऱ्यात जागा एकच रिकामी होती आणि सगळं जयपूर कचेरीच्या बोधेसाहेबांच्या शेऱ्यावर अडलं होतं. चारुलताबाईंनी मनातल्या मनात सामान बांधायलाही घेतलं होतं. त्यांचा राजन "आई, मतलब मी खेलायला जाऊ?" असं बोलायला लागल्यापासून त्यांना जयपुरात एक दिवस काढवत नव्हता.

अशा वेळी शहाण्या माणसाने कण्हत स्वस्थ पडावं. सदाशिवराव सिव्हिल लाइन्समधल्या एका जर्मन बाईंकडे पॉलिसीच्या सहीसाठी गेले. बाई देश सोडून निघाल्या होत्या. टेबलाला धरून उठणारे सदाशिवराव पाहून त्या कळवळल्या आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे पलंगाएवढी एक लाकडी चौकट होती. चौकटीत रुळांवर सरकणारी गादी, पायथ्याशी आडवा लोखंडी दांडा आणि त्या दोहोंमध्ये चार दणकट स्प्रिंगा. हे यंत्र बाई अमेरिकेत पिलाटीस नावाच्या गृहस्थांकडे शिकल्या होत्या.

"वजन आदमी को दबाता है," बाई म्हणाल्या. "स्प्रिंग आदमी को समझता है. ले जाओ."

पाठीला समजून घेणारं कोणीतरी आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं. सदाशिवरावांनी यंत्र उंटगाडीवर घालून घरी आणलं.

"अहो, हे काय?" चारुलताबाईंनी दारातच विचारलं. "उंटाची खाट का?"

"व्यायामाचं यंत्र आहे. अगं, स्प्रिंग दुबळ्याला आधार देते आणि बळकटाला विरोध करते. ओढताना ताकद लागते तशीच सावकाश सोडतानाही लागते. मणका न मणका मोकळा होतो."

"आणि माणसांनी बसायचं कुठे?"

याचं उत्तर जर्मन बाईंनी यंत्रासोबत दिलेल्या पुस्तिकेत नव्हतं. यंत्र पुढच्या खोलीत शिरलं ते शिरलं, पुन्हा तसूभर हललं नाही.

आणि दीड महिन्यात पाठ बरी झाली! नुसती बरी नाही, ठणठणीत. संकट ते इथूनच सुरू झालं. कारण बरी पाठ साताऱ्याला जाणार कशी? मग सदाशिवराव घरातून ताठ निघायचे, पानवाल्याच्या टपरीशी पोचले की वाकायचे आणि तसेच वाकून कचेरीत शिरायचे. पानवाल्याने आठवडाभर पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "बाबूजी, मेरी दुकान में कोई दोष है क्या?"

अशातच चैत्र आला. चारुलताबाईंनी हळदीकुंकू काढलं आणि साहेबांच्या पत्नी गिरिजाबाईंना आग्रहाचं बोलावणं धाडलं. गौरीची आरास मांडायला खोलीत जागा उरली होती ती फक्त यंत्रावर. चारुलताबाईंनी गादीवर दोन ट्रंका रचल्या, वर शालू पसरला. गौरीचा पितळी झोपाळा, कलिंगडाचं कमळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची परात, पन्ह्याचं पातेलं, सगळं मांडून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गौर अंधारात आहे.

"अहो, गादी दोन फूट पुढे सरकवा. गौर दिव्याखाली आली पाहिजे."

"ती स्प्रिंगांनी मागे खेचली जाते."

"मग बांधून ठेवा. रोज एवढी ओढता ना?"

सदाशिवरावांनी गादी ओढली आणि चौकटीच्या दुसऱ्या टोकाला सुतळीने बांधली. (सुतळी घरात नेहमी असते. दोर कधीच नसतो.) गिरिजाबाई पाच-सहा जणींना घेऊन जिना चढत होत्या, तेवढ्यात सुतळीचा एक पेड तुटला. मग दुसरा.

"अहो, आत शिरा!" चारुलताबाई दबक्या आवाजात ओरडल्या. "पाय लावा दांड्याला!"

दांडा आणि गादी यांच्यामधल्या दोन फुटांत सदाशिवरावांनी स्वतःला कोंबलं. पाठ गादीला, पाय दांड्याला, गुडघे हनुवटीशी. बाईंनी शालूचं टोक त्यांच्यावर ओढलं, सुतळी तुटली आणि टेंबे घराण्याची चैत्रगौर सर्वस्वी सदाशिवरावांच्या पाठीवर आली.

"मिस्टर दिसत नाहीत?" गिरिजाबाईंनी बसता बसता विचारलं.

"आत पडून आहेत हो," चारुलताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "कूस बदलवत नाही. पाण्याचा पेलासुद्धा मीच तोंडाला लावते."

शालूखालून एक बारीक हुंकार आला. तो मात्र अगदी खरा होता.

"बाई गं!" गिरिजाबाईंनी चारुलताबाईंचा हात धरला. "मी आजच ह्यांना सांगते. साताऱ्याची जागा दुसऱ्या कोणाला द्यायची नाही म्हणजे नाही."

सदाशिवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे छाती भरून श्वास घेतला. गादी बोटभर पुढे गेली. सोडला, मागे आली. वरचा झोपाळा हलू लागला.

"अगं बाई, गौर झोके घेतेय!" एक जण किंचाळली.

बायका भराभर उठल्या. वारा नव्हता, हात कोणाचा लागत नव्हता आणि गौर संथ लयीत झुलत होती. गिरिजाबाईंनी हात जोडले. चारुलताबाईंनीही जोडले, काय करतील! कोणीतरी गाणं सुरू केलं. ते ऐकून समोरच्या घरातल्या राजस्थानी बाया त्यांच्या गौरीची, गणगौरची, गाणी म्हणत आल्या. म्हणजे आता दोन प्रांतांची भक्ती एकट्या सदाशिवरावांच्या गुडघ्यांवर येऊन ठेपली होती. श्वास रोखला की "देवी थांबली, काही चुकलं का?" म्हणून आरती, घेतला की "प्रसन्न झाली!" म्हणून पुन्हा आरती. अशी पाऊण तासाची साधना झाली. पायांना कंप सुटला, पण साताऱ्याचा अजिंक्यतारा डोळ्यांपुढे आणून त्यांनी दांडा सोडला नाही.

"मी गौरीच्या पायांशी ओटी ठेवते," गिरिजाबाई म्हणाल्या. नारळ घेऊन त्या खाली वाकल्या आणि त्यांनी शालूचं टोक उचललं.

आत लालबुंद चेहऱ्याचे सदाशिवराव होते.

आता इथे कोणीही दुसरा माणूस गप्प बसला असता. पण सदाशिवरावांनी बावीस वर्षं नोकरी केली होती आणि साहेबांच्या घरची बाई समोर आली की उठून उभं राहायचं, हे त्यांच्या हाडांत भिनलं होतं.

"नमस्कार वहिनीसाहेब," असं म्हणून ते ताडकन उठून उभे राहिले.

चार स्प्रिंगांनी पाऊण तासाचा हिशेब एका क्षणात चुकता केला. गादी मागे आली आणि नमस्कारासकट सदाशिवराव दांड्यावरून पलीकडे गेले. हरभरे छताला लागले, पन्हं समोरच्या भिंतीवर गेलं, कलिंगडाचं कमळ खिडकीबाहेर गेलं. गौर तेवढी सरळ गिरिजाबाईंच्या ओटीत येऊन बसली.

सदाशिवराव पुन्हा उठून उभे राहिले, ताठ.

"पाऊण तास हे सगळं तुम्ही पाठीवर तोललंत?" गिरिजाबाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या नजरेत कौतुक होतं, आणि कौतुकाची सदाशिवरावांना सवय नव्हती.

"त्यात विशेष काही नाही," ते म्हणाले. चारुलताबाई मागून डोळे वटारत होत्या, ओठ चावत होत्या, शेवटी चिमटाही काढून झाला. पण गडी सुटला तो सुटला. "स्प्रिंगेचं कसं असतं वहिनीसाहेब, ती आधारही देते आणि विरोधही करते. दीड महिना हा व्यायाम केला, त्याआधी मला वाकवत नव्हतं. आज ही ट्रंक म्हणाल तर..." असं म्हणून त्यांनी ट्रंक डोक्यावर उचलून दाखवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी आली आणि 'चार दिवसांसाठी' यंत्र घेऊन गेली. गेली वीस वर्षं साहेबांचीही पाठ दुखत होती, हे सदाशिवरावांना तेव्हाच कळलं. पंधरा दिवसांनी हुकूम आला. सदाशिवराव 'प्रकृती उत्तम असल्याचे समजल्याने' वाळवंटातल्या दौऱ्यांवर नेमले गेले होते. साताऱ्याच्या जागेवर पाठदुखीच्या कारणास्तव स्वतः बोधेसाहेब निघाले होते. चारुलताबाईंनी दोन दिवस मनातलं सामान सोडलं. तिसऱ्या दिवशी रडल्या, आणि ते पाहून सदाशिवरावांना पहिल्यांदाच स्वतःच्या धडधाकट पाठीची लाज वाटली.

साहेबांना पोचवायला कचेरीतले सगळे स्टेशनवर गेले. सामानात ते यंत्रही होतं. हमाल त्याला हात लावेनात.

"टेंबे उचलतील," गिरिजाबाई कौतुकाने म्हणाल्या.

टेंब्यांनी उचललं, सामानाच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवलं, आणि कमरेत काहीतरी कटकन वाजलं. ते तसेच, काटकोनात राहिले. क्षणभर कळ मस्तकात गेली आणि मग त्यांना असा हर्ष झाला, असा हर्ष झाला की काही विचारू नका. वाकल्या वाकल्या फलाटावरून दुडदुडत ते साहेबांच्या खिडकीशी गेले.

"साहेब! पाठ गेली! देवाशप्पथ, आता खरोखर गेली!"

"अहो, मग घाबरता कशाला?" साहेब खिडकीतून म्हणाले. "स्प्रिंगांवर दीड महिना काढा, ठणठणीत व्हाल!"

गाडी हलली. स्प्रिंगा ब्रेकव्हॅनमध्ये होत्या.