लिफ्टच्या दारावरच्या बाई

साहेब तीन दिवसांच्या शिबिराहून परतले ते हसतच. ऑफिसात साहेबांना हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे पहिले दोन तास सगळ्यांना वाटलं, यांची बदली झाली. तसलं नशीब कुठलं! शिबिरात त्यांना कोणीतरी पटवून दिलं होतं की जो अधिकारी रोज घाम गाळतो, त्याची वृत्ती सकारात्मक राहते आणि त्याच्या हाताखालचेही सुखात राहतात. नेमकी त्याच आठवड्यात ऑफिसची लिफ्ट बंद पडली. साहेबांना तो शुभशकुन वाटला.

जावकबाईंना वाटला नाही. ऑफिसातून बाहेर जाणारी सगळी पत्रं त्या पाठवत, म्हणून हे नाव. त्यांचं टेबल चौथ्या मजल्यावर, साहेबांच्या केबिनला लागून. उजवा गुडघा कधीचाच कुरकुरत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जिने टाळा, नाहीतर नातीला कडेवर घ्यायचं विसरा." नात नुकतीच हात वर करून "घे" म्हणायला शिकली होती. बढतीची, कौतुकाची बाईंना आता हौस उरली नव्हती. ही एवढी एकच उरली होती.

म्हणून त्यांनी लिफ्टदुरुस्तीचा अर्ज लिहिला, एक प्रत मुख्य कार्यालयाला धाडली आणि मूळ अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब नुकतेच चार मजले चढून आले होते. तोंड लालबुंद, डोळ्यांत चमक.

"लिफ्ट? कशाला हवी लिफ्ट? चढा, बाई, चढा! बघा कसं हलकं वाटतं!"

अर्ज तसाच परत आला. दुसऱ्यांदा ठेवला, दुसऱ्यांदा परत आला. शेवटी शिपायाला त्यांची दया आली.

"बाई, तुमची वेळ चुकतेय," तो म्हणाला. "वर पोचल्यावर साहेब खुशीत असतात. खुशीतला माणूस काही दुरुस्त करतो का? खाली गाडीतून उतरतात तेव्हा बघा, नुसते खेकसत असतात. तिथंच गाठा."

दुसऱ्या दिवशी बाई जिन्याच्या पायथ्याशी अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. साहेब उतरले ते चिडलेलेच.

"लिफ्ट अजून बंद? काय चाललंय काय इथं? आणा तो अर्ज, सही करतो!"

बाईंनी पेन पुढे केलं. साहेबांनी कागद तळहातावर धरला, तर पेन कागदातून आरपार गेलं.

"असं कसं जमेल? चला वर, टेबलावर करतो."

बाई काय करणार? निघाल्या मागोमाग. पहिल्या मजल्यापर्यंत साहेब लिफ्ट बसवणाऱ्याचा उद्धार करत होते. दुसऱ्यावर गप्प झाले. तिसऱ्यावर शीळ घालू लागले. बाईंची आशा तिथेच मावळली. चौथ्यावर पोचल्यावर साहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि मागे वळून पाहिलं.

"अरे वा! तुम्ही तर आलात की चढून! मग?"

"साहेब, गुडघा फार..."

"गुडघा मनात असतो, बाई."

मनात काय काय असतं ते बाईंनी बोलून दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या कागदाखाली धरायला जाड पुठ्ठा घेऊन आल्या. पण साहेबांनी त्याच दिवशी एकेक पायरी सोडून चढायचं ठरवलं होतं. ते बाईंना ओलांडून सुसाट निघाले. बाईंनी खालून हाक मारली, "साहेब, सही!" साहेबांनी वळून पाहिलं, पाय मुरगळला आणि पहिल्या मजल्यावर निघालेले साहेब तळमजल्यावर आले.

बाईंना फार वाईट वाटलं. साहेबांना दवाखान्यात नेणारी गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत वाटत होतं. मग त्या जिन्यावरच बसल्या आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसल्या. आता लिफ्ट नक्की होणार होती!

साहेब पायाला प्लास्टर घालून परतले. व्यायाम बंद, तशी सकारात्मक वृत्तीही बंद. पहिल्याच सकाळी तिघांवर ओरडले.

"आता कसे ओळखीचे वाटतात!" शिपाई म्हणाला.

बाईंनी अर्ज पुढे केला. साहेबांनी तो पहिल्यांदाच पूर्ण वाचला.

"चार मजले? माणसानं चार मजले चढायचे? थट्टा आहे का?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझी केबिन आजच्या आज खाली आणा!" साहेब म्हणाले आणि अर्ज बाईंच्या हातात परत दिला.

केबिन खाली आली. बाईंचं टेबल मात्र वरच राहिलं, कारण जावकची लोखंडी कपाटं चार मजले उतरवायची कोणाची तयारी नव्हती. आणि प्रत्येक पत्रावर सही साहेबांची. आधी बाई दिवसातून एकदा चढत. आता प्रत्येक पत्राला चढत. घरी नात हात वर करायची, तेव्हा त्या तिच्यासमोर जमिनीवर बसून म्हणायच्या, "तूच ये ग माझ्याकडे." पोरगी हात वरच ठेवायची. मग सून येऊन तिला उचलून न्यायची. बाईंना त्या वेळी साहेबांचा दुसरा पायही आठवायचा.

इकडे साहेबांना जुन्या आनंदाची आठवण छळत होती. पाय स्टुलावर ठेवून ते दारातून जिन्याकडे बघत बसत. बाई चढताना दिसत, उतरताना दिसत, पुन्हा चढताना दिसत. त्यांना स्फूर्ती आली. त्यांनी शिबिरवाल्यांना फोन लावला.

कॅमेरा घेऊन माणसं आली. बाई तिसऱ्या मजल्याच्या वळणावर होत्या, काखेत पत्रांचा गठ्ठा. गुडघ्यातून अशी कळ आली की त्यांनी कचकन दात आवळले. तेवढ्यात फोटो निघाला.

"वा! काय सहज हसलात!" फोटोवाला म्हणाला.

त्याची माणसाच्या उंचीची पोस्टरं झाली. खाली लिहिलं होतं, 'मी रोज चढते, मी रोज आनंदी असते.' एवढी मोठी गुळगुळीत जागा ऑफिसात एकच होती. प्रत्येक मजल्यावर लिफ्टची दोन्ही दारं धरून बाई चिकटवल्या गेल्या.

आणि मग, मुख्य कार्यालयाला धाडलेली ती प्रत कुणाच्या तरी हाती लागून, एके दिवशी खरोखर लिफ्टवाला आला. बाई गुडघा विसरून खाली धावल्या.

"तक्रार कोणाची?" त्यानं विचारलं.

"माझी."

लिफ्टवाल्यानं बाईंकडे पाहिलं, पोस्टरकडे पाहिलं, परत बाईंकडे पाहिलं. "दार उघडायचं तर हे फाडावं लागेल," तो म्हणाला. "साहेबांची परवानगी आणा."

"फाडायचं?" साहेब केबिनमधूनच कडाडले. "अहो, ते बघायला मुख्य कार्यालयातून लोक यायचेत! लिफ्टचं पुढं बघू."

"मग वापरणारं कोणी नाही, असं लिहितो," म्हणून लिफ्टवाल्यानं हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली.

बाई पत्रांचा गठ्ठा उचलून पुन्हा निघाल्या. हल्ली वर जाताना प्रत्येक मजल्यावर त्यांना आपलीच हसरी मूर्ती भेटते. तळमजल्यावर दोघींत काहीच साम्य नसतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत बहिणी शोभाव्यात इतपत येतं. चौथ्यावर पोचेपर्यंत मात्र दोघींचा चेहरा हुबेहूब सारखा झालेला असतो, आणि बाईंना पाहुण्यांपुढे नेमकं तिथंच उभं करायला साहेब सांगतात.